बत्तीस जागा

आमच्या शाळेत ‘नारळ देणं’ हा शब्द मुलांसाठी वापरला जायचा, हे बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. नोकराला नारळ देतात, भाडेकरूला देतात. आम्ही आठ-नऊ वर्षांच्या पोरांना द्यायचो आणि वर टाळ्या वाजवायचो. टाळ्यांची कल्पना माझी होती.

मी विशेष शिक्षिका. ज्यांना वाचन जमत नाही, ज्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागेवर राहत नाहीत, ज्यांना ऐकू कमी येतं किंवा बोलताच येत नाही, अशा मुलांची बाई. सरकारी शाळेत या मुलांचा खर्च सरकार वेगळा देतं. पण द्यायची रीत अशी होती, की शाळेच्या पटावर जेवढी मुलं, त्यांतल्या शंभरामागे आठ. बस्स. आमची शाळा चारशेंची, म्हणजे जागा बत्तीस. तेहतिसावं मूल जन्मालाच येत नाही, असं वरच्या कचेरीचं ठाम मत होतं. आलंच, तर त्याच्यासाठी छदामही वाढवून मिळायचा नाही. उलट तपासनीस यायचा, दप्तर उपसायचा, ‘तुमच्याकडेच बरी एवढी सापडतात’ म्हणायचा आणि शाळेला लाल शेरा मारून जायचा. असे दोन शेरे झाले की विशेष शिक्षिकेचं पदच रद्द. म्हणजे तेहतिसाव्याला आत घेतलं, तर आधीचे बत्तीसही उघड्यावर पडणार.

मुलं मात्र कचेरीला न विचारता येत राहायची. मग एक आलं की एकाला बाहेर काढायचं. कागदावर त्याला ‘सेवासमाप्ती’ म्हणत. त्यासाठी मुलाने एक वाचनचाचणी पार करायची आणि पालकाने संमतीची सही करायची. ही सही म्हणजे आमच्या जिवाला घोर. एका आईने पोराला उचलून थेट मोठ्या सरांच्या टेबलावर बसवलं होतं आणि ‘हा बरा झालाय का, तेवढं मला सांगा’ म्हणून ती दीड तास हलली नव्हती. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. ती गेल्यावर घाम पुसत ते म्हणाले, “बाई, काहीतरी गोड मार्ग काढा हो.”

मी काढला. जाड पिवळसर कागद, सोनेरी किनार, शाळेचा शिक्का आणि खाली माझी सही. मजकूरही मीच रचला होता. ‘हिने वाचनकौशल्य पूर्णपणे आत्मसात केले असून तिला यापुढे विशेष साहाय्याची आवश्यकता नाही. शाळेला तिचा अभिमान आहे.’ मुलगा असेल तर ‘हिने’चं ‘याने’. सकाळच्या परिपाठाला सगळ्या शाळेसमोर हे प्रशस्तिपत्र द्यायचं, आईबापांना पहिल्या रांगेत बसवायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि टाळ्या ओसरायच्या आत प्रशस्तिपत्र मिळाल्याची पोच म्हणून सही घ्यायची. त्या पोचेच्या खालच्या अर्ध्या भागात सेवासमाप्तीची संमती छापलेली असायची. डोळे पाणावलेला माणूस खालचं वाचत नाही. भांडणं थांबली. कचेरीला माझी युक्ती इतकी आवडली, की त्यांनी तो नमुना आणखी चाळीस शाळांना पाठवला. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

अकरा वर्षांत मी अशी अकरा प्रशस्तिपत्रं दिली. सातवं मुंगीला.

मुंगी हे मी ठेवलेलं नाव. रांगेत चालताना ती नेहमी भिंतीला धरून चालायची, पुढच्याच्या पाठीकडे बघत, म्हणून मुंगी. तिसरीत होती. गणित तोंडी विचारलं तर पटापट सांगायची, चित्र असं काढायची की बघत राहावं, पण छापील ओळ समोर आली की तिचं तोंड उतरायचं. माझ्याकडे ती रोज एक तास यायची. अक्षर वाळूत गिरवायचं, मातीचं करायचं, बोटाने चाचपायचं, अशा कासवगतीने दोन वर्षांत आम्ही जोडाक्षरांपर्यंत पोचलो होतो. आणखी दोन वर्षं मिळाली असती तर ती वाचू लागली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच हे सगळं सांगायचं.

त्या वर्षी जानेवारीत पाच वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. बोलत नव्हता. डोकं भिंतीवर आपटायचा, म्हणून आईने त्याला गादीच्या कापडाची टोपी शिवून घातली होती. तिचा हात धरून तो व्हरांड्यात उभा होता आणि तिच्या मनगटावर जुने-नवे चावे होते. त्याला नाही म्हणायला दगडाचं काळीज हवं. त्याचा काय दोष? तो तेहतिसावा होता, एवढाच.

मोठ्या सरांनी विचारलं, “या वेळी कुणाला नारळ?”

गडबड करणारं मूल सोडायची सोय नसते. त्याच्या वर्गशिक्षिका दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. गप्प मूल बरं पडतं, ते वर्गात नापास होत बसतं आणि कुणाला त्याचा त्रास होत नाही. मी मुंगीचं नाव सांगितलं.

चाचणीचा उतारा एका विहिरीचा होता. एक म्हातारी विहिरीवर जाते, तिचा दोर तुटतो आणि शेजारचे लोक मिळून बादली बाहेर काढतात. कचेरीने तिसरीसाठी एवढा एकच उतारा पाठवला होता आणि मी तो दिवाळखोर घराण्यातल्या एकुलत्या भांड्यासारखा वर्षानुवर्षं वापरत होते. त्या ऑक्टोबरात मुलांची भीती जावी म्हणून मीच त्याच्या प्रती काढून ‘घरी सराव करा’ म्हणून वाटल्या होत्या. चाचणीच्या वेळी हे मी विसरले होते, असं म्हणायला मला आवडलं असतं.

मुंगीचा बाप पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वाहनांवरच्या. अक्षर हाच त्याचा धंदा, आणि एकुलत्या एका पोरीला अक्षर लागत नाही, याने तो आतून खचला होता. त्याने माझी प्रत घेतली, पत्र्याचा मोठा पांढरा फळा केला आणि त्यावर तो अख्खा उतारा हातभर अक्षरांत रंगवला. तीन महिने तो सकाळ-संध्याकाळ तिला त्या फळ्यासमोर उभं करून म्हणवून घेत होता. हे मला खूप नंतर कळलं.

चाचणीच्या दिवशी मुंगी माझ्यासमोर बसली, कागद हातात घेतला आणि घडाघडा वाचू लागली. एकही अडखळ नाही. उतारा पहिल्या पानावर संपत नव्हता, शेवटची तीन वाक्यं मागच्या बाजूला होती. तिने पान उलटलंच नाही. पहिल्या पानाच्या तळाशी बोट ठेवून तिने मागची तिन्ही वाक्यं म्हणून टाकली आणि माझ्याकडे बघून हसली. पहिल्यांदाच, दोन वर्षांत.

मी शंभरापैकी ब्याण्णव गुण लिहिले. अगदी शंभर दिले असते तर कुणाला संशय आला असता.

परिपाठाला तिचा बाप इस्त्रीचा सदरा घालून आला होता. नखांत निळा रंग तसाच होता. मी प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं तेव्हा त्याने ‘पूर्णपणे’ हा शब्द ओठांतल्या ओठांत परत म्हटला. सही त्याने केली ती एखाद्या पाटीसारखी, वळणदार, ठसठशीत. मला म्हणाला, “बाई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.” मी काय म्हणाले ते आठवत नाही. काहीतरी गोडच म्हणाले असेन.

टोपीवाल्या मुलाला जागा मिळाली. आज तो चार शब्द बोलतो आणि स्वतःच्या हाताने जेवतो. माझी बाजू मांडायची झाली तर एवढंच आहे.

सहा वर्षं गेली. मग काही पालक कोर्टात गेले, वर्तमानपत्रांत आलं, चौकशी बसली आणि शंभरामागे आठाची रीत एका झटक्यात रद्द झाली. वरून पत्र आलं, की आजवर सेवासमाप्ती झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना कळवा, पालकांची सही असलेला अर्ज आला की मुलाची नव्याने चाचणी घ्या. मूल सोळा वर्षांच्या आत असलं पाहिजे. अर्ज वेळेत आला, तर अठरा पूर्ण होईपर्यंत शिकवायचा खर्च सरकार देईल. मोठे सर तेव्हा निवृत्त झाले होते, त्यामुळे कानांवर हात ठेवायची त्यांना उत्तम सोय होती. यादी माझ्या हातात आली. अकराही नावं माझ्याच अक्षरात होती.

चौघांचे अर्ज आले. पाच जणांचं वय उलटलं होतं. एक कुटुंब पत्ता न ठेवता गेलं होतं. राहिली मुंगी. तिला सोळा पूर्ण व्हायला बावीस दिवस होते.

पहिलं पत्र परत आलं. अर्जावर सहीच्या जागी सुंदर, घोटीव अक्षरात लिहिलं होतं, ‘आवश्यकता नाही.’ मी दुसरं पाठवलं. तेही तसंच परत आलं, फक्त या वेळी खाली एक ओळ जास्त होती. ‘प्रशस्तिपत्र आमच्याकडे आहे.’

अकरा दिवस उरले तेव्हा मी उठून त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दारात टर्पेंटाइनचा वास होता, भिंतीला ओल्या पाट्या टेकवून ठेवल्या होत्या. एका पाटीपुढे पाठमोरी एक उंच मुलगी उकिडवी बसून रंग भरत होती. खडूने आखलेल्या अक्षराच्या आत ब्रश असा फिरत होता, की रेघेबाहेर केसभर रंग जात नव्हता. ती मुंगी होती. मला बघून उठली, ओढणीला हात पुसले आणि आत जाऊन बापाला सांगितलं, “बाबा, शाळेतल्या बाई आल्यात.”

बापाने खुर्ची झटकून दिली. केस पांढरे झाले होते, पण अदब तीच.

“बसा बाई. चहा ठेव गं. हिची आई कामावर गेलीय, दवाखान्यात आया आहे ना ती. तुम्ही कशाला तसदी घेतलीत? मी लिहून पाठवलं होतं.”

माझ्या बरोबर समोरच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र होतं. काचेत. भोवती त्याने स्वतःच्या हाताने वेलबुट्टी रंगवली होती. त्या भिंतीवर दुसरं काही नव्हतं.

“शाळा कधी सोडली तिने?” मी विचारलं.

“सातवीत दोनदा बसली. दोनदा नापास.” त्याने आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली केला. “बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? हाडात आळस भरलाय पोरीच्या. येतं सगळं. तुम्हीच लिहून दिलंय, पूर्णपणे येतं म्हणून. पण करायचं नाही. पुस्तक हातात दिलं की डोळ्यांत पाणी. चौथीत मास्तर म्हणाले, हिला परत त्या वेगळ्या वर्गात घालू या. मी हे काचेसकट काढून नेलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे वाचा आधी. गप्प बसले.”

मी पिशवीतला अर्ज काढून हातात धरला.

“मी काय काय नाही केलं! गोडीने सांगितलं. जेवणाचं ताट समोर ठेवून, आधी एक पान वाच, मग जेव, असं केलं. तीन-तीन तास बसायची ताटापुढे, पण वाचायची नाही. एवढी हट्टी. एकदा तर माझं डोकंच फिरलं, लाकडी पट्टीने हात फोडून काढले. मग मीच त्यावर हळद लावत बसलो. पण म्हटलं, येत नसतं तर गोष्ट वेगळी. येत असून करत नाही, त्याला काय औषध आहे, सांगा?”

आत कपबशी वाजली. दाराला पडदा होता, दार नव्हतं. मला खात्री आहे, तिला सगळं ऐकू जात होतं, आणि तिने हे आधीही शंभरदा ऐकलेलं होतं.

मला पळून जावंसं वाटलं. अर्ज टेबलावर ठेवावा, ‘विचार करा’ म्हणावं आणि निघावं. कुणी मला बोल लावला नसता. पण सहा वर्षं त्या ताटापुढे ती बसली होती, आणि तिला तिथे मी बसवलं होतं.

“तिला येत नव्हतं,” मी म्हणाले.

“काय?”

“तिला तेव्हा वाचता येत नव्हतं. उतारा पाठ होता. पान न उलटता तिने पुढचं म्हटलं. मी पाहिलं होतं.”

मी एकदा सुरू केलं ते मग थांबले नाही. शंभरामागे आठ, बत्तीस जागा, टोपीवाला मुलगा, ब्याण्णव गुण, पोचेच्या खाली छापलेली संमती, सगळं ओकून टाकलं. ते कागद रंगीत करायची कल्पना माझी, तेही सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल, खुर्ची उचलेल. उचलली असती तर मला सोसलं असतं.

त्याने फक्त विचारलं, “म्हणजे ते ‘पूर्णपणे’...?”

“मी घातलेला शब्द आहे. अकराही जणांना तोच होता.”

पडदा हलला. मुंगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, नीट, न सांडता. पंधरा वर्षांची मुलगी, बोटांना पिवळा रंग, आणि डाव्या हाताच्या मागच्या बाजूला एक पांढरा वण.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने मला विचारलं. “मला येत नाही ते?”

“हो.”

“मला वाटायचं, मला येतंय,” ती म्हणाली. “म्हणजे आत कुठेतरी येतंय, फक्त मीच करत नाहीये. मी रोज शोधायचे.” मग ती बापाकडे वळली, आणि तक्रार म्हणून नाही, एखादी बातमी सांगावी तसं म्हणाली, “बाबा, मी आळशी नाहीये.”

बापाचा चेहरा मला बघवत नव्हता. तो म्हणाला, “मग तेव्हाच का नाही बोललीस गं पोरी? एकदा तरी सांगायचंस, की येत नाही म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“चौथीत. पाचवीत पण. तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवायचात,” ती भिंतीकडे न बघता म्हणाली, “आणि म्हणायचात, बाई खोटं लिहितील का?”

चहावर साय धरली. कुणी कप उचलला नाही. त्याने अर्ज ओढून घेतला. खिशातलं पेन काढलं आणि या वेळी त्याने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट धरून, मागची बाजूही उलटून पाहिली. मग सही केली. साधी, बारकी सही, मी ओळखली नसती अशी.

मी उठले आणि भिंतीवरच्या काचेला हात घातला. म्हणाले, “हे मी घेऊन जाते. हे आता इथे नको.”

“राहू द्या,” तो म्हणाला.

“अहो, पण...”

“राहू द्या म्हटलं ना बाई. तिच्यासाठी नाही.” त्याने माझा हात बाजूला केला आणि काच सरळ केली. “माझ्यासाठी.”

मुंगी दुकानात परत गेली होती. मी बाहेर पडले तेव्हा ती त्याच पाटीपुढे बसली होती, शेवटच्या अक्षरात रंग भरत. मी तिला विचारलं, ही पाटी कसली आहे.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “बाबांना विचारा.”